जुन्या मारुती व्हॅनला कोणता फ्युएल पंप घ्यावा? बरोबर पंप ओळखायचा कसा?

तुमचं म्हणणं असं: गाडी १९८६ ची, कार्बोरेटरची (म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). घाटात तापली की बंद पडते. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, दुकानदारानं तीन वेगवेगळे पंप पुढं ठेवून "कुठलाही चालेल" म्हटलं, आणि मित्र सांगतोय इलेक्ट्रिक टाकून मोकळा हो. ज्या दुकानदारानं "कुठलाही चालेल" म्हटलं त्याच्याकडून पंपच काय, साधा फ्यूजही घेऊ नका. आणि मित्राबद्दल मला बरंच बोलायचं आहे, ते पुढं येईलच.

तुम्ही गाडीला व्हिंटेज म्हटलंय. प्रेमानं म्हणा, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटल्याशिवाय तो मान नाही. म्हणजे २०३६. तोवर ती नुसती जुनी गाडी, आणि दर ५ वर्षांनी आरटीओची पायरी चुकत नाही.

आता पंप. दुकानात "एसी पंप" म्हणून मागा (गार हवेच्या एसीशी संबंध नाही, इंजिनावर चालणाऱ्या मेकॅनिकल पंपाचं हे दुकानी नाव), जुन्या माणसाला लगेच कळतं. "ओम्नी" म्हणू नका. ते नाव १९८८ मध्ये आलं आणि पुढं २०१९ पर्यंत गाडी त्याच नावानं विकली गेली, त्यात इंजेक्शनवाल्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबानं पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्याही आल्या. ओम्नी म्हटलं की काउंटरवरचा पोरगा टाकीतला इलेक्ट्रिक पंप काढतो. "जुनी मारुती व्हॅन, कार्बोरेटर, ७९६ सीसी, हेडवर बसणारा पंप" असं पूर्ण सांगा. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग.

आणि निप्पल, म्हणजे पाइप जोडायची तोंडं, मोजा. तीन हवेत. एक टाकीकडून येणारं, एक कार्बोरेटरकडं जाणारं, तिसरं टाकीकडं परत जाणारं. हे तिसरं बहुतेक वेळा इतर दोघांपेक्षा बारीक असतं, आणि सगळं महाभारत त्याच्यावरूनच घडतं.

आमच्याकडं हीच गाडी होती, वडिलांची. दर मे महिन्यात चिपळूणकडून आंबे घेऊन कुंभार्ली घाटानं वर यायचं हा घरचा रिवाज. मागं पेट्या, पेट्यांच्या फटीत भाचरं, पुढं दाजी आणि मी. गाडी एरवी सोन्यासारखी. खालून निघताना एका सेल्फला चालू. घाटाच्या मध्यावर आली की आधी पिकअप जायचा, मग आचके, मग बंद. सेल्फ कितीही मारा, उचलायची नाही. सीट वर उचलून इंजिन उघडं टाकायचं, पोरांना कलिंगड कापून द्यायचं आणि वाट बघायची. गार झाली की जसं काही घडलंच नाही अशी चालू.

यावर जे जे करायचं ते सगळं करून झालं. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलला. खापर कधी प्लगवर फुटलं, कधी पेट्रोलवर. शेवटी दाजींनी निकाल दिला: "अरे, हे मेकॅनिकल पंप म्हणजे जुनाट काम. इलेक्ट्रिक टाकू, जन्माची कटकट मिटेल." मी म्हटलं, दाजी, आधी पंपाला पेट्रोल कसं येतंय, जातंय ते तरी बघू. पण आमच्या घरात जावयाचा शब्द खाली पडत नाही. वडील म्हणाले, ते म्हणतायत ना, मग टाकू.

दाजींच्या ओळखीच्या मेकॅनिकनं पंप आणला तो एका इंजेक्शनच्या गाडीतून उतरवलेला. इथं जरा आकडे सांगतो, कारण तुमचा मित्रही हेच सुचवत असणार. कार्बोरेटरला साधारण ३ ते ५ पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनची लाइन चालते अडीच-तीन बारवर, म्हणजे ४० पीएसआयच्या आसपास. कार्बोरेटरच्या फ्लोटवर एक छोटी सुई असते. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि ती सुई पेट्रोल बंद करते. तिच्या मागं हा असला जोर लावला तर ती बसणार कशी?

नाहीच बसली. पहिल्याच दिवशी काळा धूर आणि गाडीभर पेट्रोलचा वास. दाजी म्हणाले, नवीन आहे, सेट होईल. मी सीट उचलली. कार्बोरेटरच्या अंगावरून पेट्रोलचा ओघळ खाली उतरत होता, बोटभर रुंद, आणि खाली तापलेल्या धातूवर पडून हवा थरथरत होती. या गाडीत इंजिन कुठं असतं तुम्हाला माहीत आहे. आपल्या बुडाखाली. मी आधी चावी काढली, मग बॅटरीची निगेटिव्ह. दाजी म्हणाले, "रेग्युलेटर लावला की झालं." तो पंप मी त्याच संध्याकाळी उतरवला, आणि त्यावरून घरात जे वाजलं ते वाजलं.

जुना पंप परत बसवताना खालचे पाइप एकेक करून पुसायला घेतले. टाकीकडं जाणारा एक बारीक पाइप कशालाच जोडलेला नव्हता. त्याच्या तोंडात बोल्ट कोंबला होता आणि वरून क्लिप आवळली होती. सगळ्यावर तेल आणि धुळीचा एवढा थर की कुणाच्या नजरेला पडणं शक्य नव्हतं. मग पंप हातात घेऊन नीट पाहिला तर निप्पल दोनच. पूर्वी कुणीतरी पंप बदलताना दोन निप्पलांचा आणला, तिसरा पाइप उरला, तर त्याला बूच मारून गाडी हातात दिली. दुकानदारानं तेव्हाही "चालेल"च म्हटलं असणार.

आता त्या परतीच्या पाइपाचं काम काय? हा पंप कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्यावर, चालतो. इंजिन फिरतंय तोवर त्याला धक्का मिळत राहतो, कार्बोरेटरला पेट्रोल हवं असो वा नसो. कॅम (दांड्यावरचा उंचवटा) डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, ओढतो, स्प्रिंग त्याला परत ढकलते, आणि दाब त्या स्प्रिंगचा. कार्बोरेटरची सुई बंद असताना जे पेट्रोल पुढं जाऊ शकत नाही, ते तिसऱ्या निप्पलातून थोडं थोडं टाकीत परतत राहतं. त्यामुळं पंपातून सतत गार पेट्रोल वाहतं आणि वाफेचे बुडबुडे बनले तर तेही त्याच वाटेनं निघून जातात. वाट बुजवली की पेट्रोल तापलेल्या हेडवरच्या पंपात तसंच बसून राहतं आणि उकळतं. मग पंप पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसतो. वाफ दाबली जाते, पुढं सरकत नाही. घाटात वेग कमी, वारा नाही, इंजिनावर ओझं जास्त, म्हणून हे दुखणं नेमकं घाटातच निघतं आणि सपाटीवर मेकॅनिकला कधीच दिसत नाही.

पुण्यात नाना पेठेत दुकानं पालथी घालून तीन निप्पलांचा पंप मिळवला, बूच काढलं, पाइप जोडला. पुढच्या मे महिन्यात तोच घाट, तेवढ्याच पेट्या. गाडी न थांबता वर आली. हेळवाकला चहा पिताना दाजी काय म्हणाले असतील? "बघ, पंप बदलला आणि चालली. मी तेव्हाच सांगत होतो, पंपच खराब आहे."

दाजी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी पुन्हा लिहितो. तो दोन निप्पलांचा पंप मी नंतर टेबलावर ठेवून तपासला. लिव्हर दाबली की येणाऱ्या तोंडाशी बोट चिकटत होतं, जाणाऱ्या तोंडातून जोरात हवा येत होती, डायफ्राम धड होता. पंप खराब नव्हता. आपल्या गाडीचा नव्हता. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्यानं इलेक्ट्रिक पंपाच्या गोष्टी करू नयेत.

तर तुम्ही काय करायचं? जुना पंप काढून सोबत घेऊन जा. फोटो नको, वस्तू न्या. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा. बोल्टच्या भोकांमधलं अंतर जुळतंय का, हेडच्या आत शिरणाऱ्या भागाची लांबी आणि वाक तोच आहे का, निप्पलांची तोंडं त्याच दिशेला आहेत का ते बघा. लांबीत फरक असेल तर पंप बसतो, बोल्ट लागतात, आणि एक तर पेट्रोल कमी पडतं नाहीतर आतला भाग झिजून तुटतो. मग अंगठ्यानं लिव्हर दाबून मी वर सांगितलेली बोटाची परीक्षा घ्या. कोरा पंप सुका असतो, तेव्हा पकड थोडी कमी लागेल, पण काहीच ओढत नसेल तर ठेवा तिथंच. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

होलोग्राम, सीलबंद डबा, "कंपनीचा आहे साहेब", यातल्या कशावर जाऊ नका. डबे छापणारे आपल्यापेक्षा हुशार आहेत. आणि एक गोष्ट अनेकांना पटत नाही: तीस वर्षं डब्यात पडून राहिलेला अस्सल पंप मिळाला तर मी तो तसाच बसवणार नाही. डायफ्राम वापरानंच जातो असं नाही, नुसत्या वयानंही कडक होतो. त्यात आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या काळचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. त्यापेक्षा अलीकडं बनलेला, डायफ्राम इथेनॉलला टिकतो असं बनवणारा स्वतः लिहून देतो, असा पंप बरा. पाइपही त्याच वेळी बदला, सगळे. "आर ९" छापलेला इंधनाचा पाइप मागा, तो आतून इथेनॉलला टिकणारा असतो. मीटरला महाग पडतो म्हणून कुरकुरू नका, लागतो किती?

तीन निप्पलांचा मिळालाच नाही तर? दोन निप्पलांचा घ्या, पण बूच मारू नका. पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये तीन तोंडांचा फिल्टर मिळतो, त्याचं तिसरं तोंड आतून बारीक भोकाचं असतं. ते परतीच्या पाइपाला जोडा. नुसता साधा टी (तीन तोंडांचा मोकळा जोड) टाकू नका, सगळं पेट्रोल टाकीत परत जाईल आणि कार्बोरेटर उपाशी राहील.

हे सगळं लिहिलं, पण खरं म्हणजे आधी विचारायला हवं होतं: तुमचा पंप गेलाय हे कशावरून? कार्बोरेटरकडं जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा, बाटली इंजिनापासून लांब धरा, कॉइलची वायर काढा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. दमदार पिचकाऱ्या आल्या तर पंप बरा आहे. कमी आल्या तरी लगेच पंपाला दोष देऊ नका. टाकीचं झाकण सैल करून पुन्हा बघा, झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं तरी अगदी असंच होतं. पंपाच्या पोटाला खाली एक छोटं भोक असतं, तिथून पेट्रोल ठिबकत असेल तर डायफ्राम फाटला, ऑइल ठिबकत असेल तर आतलं सील. डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी चालवूच नका. पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ झालंय, बेअरिंग जातील.

गाडीला कधी एलपीजी किट बसलं असेल तर पेट्रोलच्या लाइनमध्ये बंद-चालू करणारा व्हॉल्व्ह असतो. तो कचऱ्यानं अर्धवट उघडतो आणि लक्षणं हुबेहूब पंपाची. आधी तो बघा. गाडीवर मूळचं इंजिनच नसेल, कुणी इंजेक्शनवालं चढवलं असेल, तर वरचं सगळं सोडून द्या, तुमचा पंप टाकीत आहे.

इलेक्ट्रिक अजिबातच नको का? कमी दाबाचा, खास कार्बोरेटरसाठीचा, टाकीजवळ बसवलेला, आणि इंजिन बंद पडलं किंवा गाडी धडकली की आपोआप बंद होईल असा स्विच लावलेला असेल, तर चालतो. चावी चालू राहिली आणि पाइप तुटला तर साधा इलेक्ट्रिक पंप पेट्रोल सोडतच राहतो, म्हणून तो स्विच. दाजींनी यातली एक तरी गोष्ट केली असती तर मी हे उत्तर एवढं लांबवलं नसतं.

ब्रँडचं नाव आणि किंमत मुद्दाम सांगत नाही, ती शहरागणिक बदलते. मी मेकॅनिक नाही, हेही लक्षात असू द्या. पंप काढल्यावर जुन्या पॅकिंगचे तुकडे हेडवरून खरवडताना भोकात चिंधी घालून ठेवा, आणि जुनं पॅकिंग जेवढ्या जाडीचं निघालं तेवढ्याच जाडीचं नवीन लावा. बसवल्यावर पहिल्यांदा सेल्फ बराच वेळ मारावा लागेल, थांबून थांबून मारा. परतीचा पाइप तुमच्याही गाडीत बूच मारलेला निघाला तर इथं कळवा, मला घरी दाखवायचं आहे.