विमान शुक्रवारी रात्रीचं, तारीख शनिवारची

(हा प्रश्न आणि उत्तर जानेवारी 2022 मधले, कोरोनाकाळातले. तेव्हा अमेरिकेला विमानाने जाताना कोरोनाचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवावा लागायचा. ती अट जून 2022 मध्ये आणि लसीची अट मे 2023 मध्ये उठली. कॅनडाचा इथे दिलेला नियमही तेव्हाचाच, आता तो नाही.)

प्रश्न : ताई, माझे आई-बाबा जानेवारीअखेर बहिणीकडे अमेरिकेला निघालेत. शुक्रवारी रात्रीचं विमान आहे, तिकिटावर वेळ 1.30. मधे 9 तासांचा थांबा, तिकीट एकच. लॅबवाले म्हणतात, गुरुवारी संध्याकाळी नमुना घेऊ. एजंट म्हणतो, 24 तासांच्या आतलाच रिपोर्ट लागतो. बहीण म्हणते, तासांचा नियमच नाही. शिवाय बाबांना डिसेंबरमध्ये कोरोना होऊन गेला, त्यांची टेस्ट अजूनही पॉझिटिव्ह आली तर? कुणाचं ऐकायचं?
– एक वाचक

उत्तर : बहिणीचं ऐका. आणि गुरुवारी नमुना अजिबात देऊ नका.

तुम्ही ‘शुक्रवारी रात्रीचं विमान’ म्हणता, पण 1.30 म्हणजे तारीख शनिवारची झाली. 6 डिसेंबर 2021 पासून अमेरिकेने निघण्याआधी नमुना देण्याची तीन दिवसांची मुदत एका दिवसावर आणली. हा दिवस कॅलेंडरचा, घड्याळाचे 24 तास नव्हेत. शनिवारी विमान, तर शुक्रवारी उजाडल्यापासून कधीही नमुना दिलेला चालतो. गुरुवारी संध्याकाळी सहाला दिलात तर जेमतेम साडेएकतीस तास होतात, तरी तो रिपोर्ट बाद. हेच विमान शुक्रवारी रात्री 11.30 ला असतं, तर गुरुवारी सकाळी सातचा नमुना चाळीस तास जुना असूनही चालला असता. एजंटचे 24 तास पाळले तर नुकसान नाही, पण जीव उगाच टांगणीला लागतो.

गोंधळ होतो, कारण प्रत्येक देशाचं मोजमाप वेगळं. कॅनडा 72 तास मोजतो, तेही कॅनडात उतरणाऱ्या शेवटच्या विमानाच्या सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून मागे. अमेरिका मोजते पहिल्या विमानापासून, मात्र सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये हवा आणि कुठलाही थांबा 24 तासांपेक्षा मोठा नको. तुमचं दोन्ही जमतंय. स्वतंत्र तिकिटं काढली असती तर ही सवलत गेली असती. जिथे थांबा आहे त्या देशाचा नियम मात्र विमान कंपनीला आधीच विचारून ठेवा.

अमेरिकेला झटपट होणारी अँटिजेन टेस्टही चालते. रिपोर्ट लवकर मिळतो, म्हणून आईंसाठी मी तीच सुचवीन, अर्थात थांब्याच्या देशाला चालत असेल तर. लॅबमध्ये करा, घरी एकट्याने केलेली किट-टेस्ट धरत नाहीत.

बाबांची काळजी मला जास्त वाटली, पण त्यांना वाट आहे. आजार बरा झाल्यावरही मेलेल्या विषाणूचे तुकडे शरीरात राहतात आणि आरटी-पीसीआर टेस्ट तेही पकडते, कधीकधी कित्येक आठवडे. म्हणून अमेरिका गेल्या 90 दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि ‘बरे झाले आहेत, प्रवास करू शकतात’ असं डॉक्टरांचं पत्र, ही जोडी निगेटिव्ह रिपोर्टऐवजी स्वीकारते. त्यांनी आता टेस्ट करूच नये. डिसेंबरचा तो रिपोर्ट शोधा आणि पत्र डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-तारखेसह घ्या. हेही थांब्याच्या देशाला चालतं का, त्याच फोनवर विचारा.

मी अनेक वर्षं चेक-इन काउंटरवर काम केलं. गेल्या वर्षी एक आजी समोर आल्या होत्या. रिपोर्ट निगेटिव्ह, शिक्का होता, पण नमुना कधी घेतला ते कुठेच नाही. फक्त रिपोर्ट छापल्याची तारीख. कागदाची घडी त्या अंगठ्याने पुन्हापुन्हा सपाट करत होत्या, जणू घडीखाली ती तारीख सापडेल. रात्रीचे अकरा वाजलेले, लॅबचा फोन कुणी उचलेना. कागद तपासण्याची जबाबदारी सरकारने विमान कंपनीवर टाकलेली. मला त्यांना विमानात बसवता आलं नाही. मला आजही त्याचा त्रास होतो. त्यांची काहीच चूक नव्हती.

म्हणून रिपोर्ट हातात आला की लॅबच्या दारातच वाचा : नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, कुठली टेस्ट, लॅबचं नाव, आणि पासपोर्टवर आहे तसंच आईंचं नाव. आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरूनही काउंटरवर वेळ जातो. लसीची प्रमाणपत्रं वेगळी ठेवा. नोव्हेंबरपासून परदेशी नागरिकांना तीही लागतात. सगळ्याच्या छापील प्रती आईंच्या हातातल्या पर्समध्ये द्या, चेक-इनच्या बॅगेत नकोत. आणि बुधवारी एकदा विमान कंपनीला फोन करून नियम बदलला नाही ना, ते विचारा.