मॉसोलीअम कशाला म्हणायचं?

प्रश्न : बीबी का मकबऱ्याला इंग्रजीत 'मॉसोलीअम' म्हणतात. खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीलाही तोच शब्द चालेल का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नाही. हा शब्द एका राजाच्या नावावरून आला आहे. आजच्या तुर्कस्तानातलं बोडरूम म्हणजे तेव्हाचं हॅलिकर्नासस. तिथला मॉसोलस इ. स. पू. ३५३ मध्ये वारला. त्याच्या कबरीवर सुमारे ४५ मीटर उंच वास्तू उभी राहिली. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत तिची गणना होते. ग्रीकांनी तिला 'मॉसोलिऑन' म्हटलं, लॅटिनमार्गे ते इंग्रजीत आलं. बोलताना जोर 'ली'वर द्यावा. 'मॉ'वर दिला की शब्द बिघडतो.

तेव्हा कबरीवर इमारत हवीच. मकबऱ्यात ती आहे. तिथली औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगमची कबर मात्र घुमटाखाली, जमिनीच्याही खाली आहे. भोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी, वरून वाकून पाहावं तेव्हा दिसते. औरंगजेबाची कबर मातीची, वर छत नाही. तिला 'ग्रेव्ह' म्हणावं.

'मकबरा' अरबी आहे. 'दर्स' (धडा) वरून 'मदरसा', तसा 'कब्र'वरून 'मकबरा', म्हणजे कबरीची जागा.