शिफ्ट ड्युटी आणि योगसूत्रं: पहाट नाही जमत, मग काय?

राम राम भाऊ. भुसावळला तीन पाळ्यांची नोकरी, पतंजलींची योगसूत्रं हौसेने हातात घेतली ती पहिल्या काही पानांतच अडली, पहाटे उठणं जमत नाही आणि घरी आल्यावर बायकोमुलांवर चिडचिड होते. मग हे आपल्यासाठी नाहीच का, असं तुम्ही विचारलंत. मला विचाराल तर हे तुमच्यासाठीच आहे, फक्त सुरुवात भलत्या जागेपासून झाली.

योगसूत्रांचे चार पाद, म्हणजे चार भाग. पहिला समाधिपाद हा ज्याचं चित्त बऱ्यापैकी ठिकाणावर आहे त्याच्यासाठी. व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, दुसऱ्या पादाच्या (साधनपादाच्या) आरंभीच म्हटलंय की ज्याचं मन अजून भटकतंय त्यालाही योग कसा साधेल, ते आता सुरू करतो. तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्या संसारी माणसाने साधनपाद आधी उघडावा. तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान (सगळं ईश्वरावर सोपवणं) तिथे आहे, यम-नियम, म्हणजे वागण्याची पथ्यं, तिथे आहेत. आसनाचं म्हणाल, तर १९५ सूत्रांत (काही प्रतींत १९६) 'स्थिरसुखमासनम्'पासून जेमतेम तीन सूत्रं त्याला दिलीत. ब्राह्ममुहूर्ताचं नावही नाही. अभ्यासाच्या अटी पहिल्या पादाच्या १४व्या सूत्रात आहेत: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. वेळ घड्याळाला नाही, पाळीला बांधा. ड्युटीवरून आलो, हातपाय धुतले, जेवणाआधी स्वस्थ बसलो. पाळी बदलली तरी हा क्रम तोच राहतो.

नाइट करून आल्यावर मात्र झोप मोडून आसनं करायची नाहीत, हे मी कळकळीने सांगतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार-विहाराच्या जोडीने झोपणं-जागणंही प्रमाणात हवं असं स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, दिवसा झोप लागणं अवघडच. खोलीत अंधार, कूलरमध्ये पाणी, मोबाइल दुसऱ्या खोलीत, घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं. एवढी तजवीज करून सलग झोपणं ही त्या दिवसाची साधनाच. आणि रात्रपाळीच्या डब्यात तर्रीची शेवभाजी नको. साधी ज्वारीची भाकरी न्या, मध्यरात्री पोट जड होणार नाही.

आता चिडचिड. पहिल्या पादातलं ३३वं सूत्र यासाठी आत्ताच घ्या. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा, याने चित्त निवळतं. माझी रावेर तालुक्यात केळी आहे. मे-जूनच्या वादळात घड लागलेली बाग आडवी होते आणि बांधापलीकडची उभी राहते. वारं काही बाग निवडून पाडत नाही, हे कळत असतं. तरी त्याच्या शेतात काढणीची गाडी लागली की पोटात जळतं. तेव्हा बांध ओलांडून जायचं, घडाला हात लावून बघायचा, 'माल चांगला भरलाय बरं का' म्हणायचं, आणि मनापासून म्हणायचं. पहिल्या वेळी शब्द घशातच अडकतात. म्हणत गेलं की सुटतात. तुमच्याकडे एखाद्याला बढती मिळते, सोयीची पाळी मिळते, तिथे हेच करून बघा. घरी येते ती निम्मी चिडचिड तिथलीच असते. उपेक्षेचा अर्थ मात्र डोळेझाक असा घेऊ नका. कुणी सुरक्षेचा नियम मोडत असेल तर वरिष्ठांना सांगायचंच, तिथे सत्य हा यम लागू होतो.

त्याच्या पुढचंच सूत्र श्वासाचं आहे. घराच्या दाराशी चप्पल काढताना थांबा, चार-पाच श्वास सावकाश, लांबवर बाहेर सोडा, मगच आत जा. श्वास रोखून धरणं सध्या नको. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि समोर शिकवणारा असल्याशिवाय अजिबात नको.

योगसूत्रांआधी काय वाचू, हेही विचारलंत. विनोबांची 'गीता प्रवचने' घ्या. ती आपल्याच धुळ्याच्या तुरुंगात झाली, १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजी सोबत कैदेत होते, त्यांनी ती उतरवून घेतली म्हणून आज हातात आहेत. ऐकणारे कैदी होते, उठण्या-बसण्याची वेळसुद्धा त्यांच्या हातात नव्हती. म्हणूनच त्यात पांडित्य कमी आणि रोजच्या कामाचं बोलणं जास्त आहे. साप्ताहिक सुट्टी ज्या वारी पडेल त्या वारी एक अध्याय वाचा, अठरा सुट्ट्यांत पुस्तक पुरं होईल. मग साधनपाद काढा.