६३ लूप आणि एकही गाणं नाही

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे. दिवसा नोकरी, रात्री लॅपटॉपवर संगीत. चार वर्षांत ६३ लूप (पुन्हापुन्हा वाजणारे छोटे तुकडे) झालेत, पण पूर्ण गाणं एकही नाही. आठ बार (तालाची आठ आवर्तनं) झकास जमतात, पुढे काही सुचत नाही. शिवाय घरी स्पीकरवर छान वाटणारं मिक्स गाडीत लावलं की बास, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, नुसता घुमतो. म्युझिक प्रोड्युसर म्हणूनच जगायचं आहे. नवे स्पीकर घेऊ का? नोकरी सोडून वर्षभर पूर्ण वेळ देऊ का?
— अर्धवट गाण्यांचा धनी

उत्तर : आकडा मोजून लिहिलास, म्हणजे तो टोचतोय. बरं झालं.

आधी हिशोब बघ. १०० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १०० ठोके असताना, चार-चार ठोक्यांचे आठ बार म्हणजे जेमतेम १९ सेकंद. तीन मिनिटांच्या गाण्याला ७५ बार लागतात. तू काय करतोस ते न बघताही सांगते : त्या १९ सेकंदांत तू ड्रम, बास, पॅड (मागे लांबत राहणारे सूर), गिटार, वर दोन शेकर, सगळं भरतोस. मग नवव्या बारला द्यायला काही उरतच नाही. सुचत नाही असं नाही, सगळं आधीच खर्च झालेलं असतं.

म्हणून उलटीकडून सुरुवात कर. सगळ्यात भरलेला लूप घे आणि नऊ वेळा चिकटव. ७२ बार झाले, तीन मिनिटांना थोडे कमी. आता खोडायला बस. सुरुवातीला एकच वाद्य ठेव. अंतऱ्यात ड्रम काढ. धृपदाच्या तोंडाशी अर्धा बार सगळंच बंद करून बघ. माझं पहिलं पूर्ण गाणं असं खोडूनच झालं.

तेही मला आपणहून सुचलं नव्हतं. एक गायिका आली होती. माझा ट्रॅक इतका गच्च की बिचारी तीनदा सुरुवात करून थांबली. "मी शिरू कुठून?" एवढंच म्हणाली. मी चिडले, खोटं कशाला सांगू. पण एकेक ट्रॅक म्यूट करत गेले : पॅड, गिटार, शेकर. बास आणि पियानोचा एक सूर उरला, तेव्हा ती गायली. पहिल्या शब्दाआधी तिनं घेतलेला श्वास त्या टेकमध्ये, म्हणजे त्या खेपेच्या रेकॉर्डिंगमध्ये, स्वच्छ ऐकू येत होता. सवयीनं तो कापायला गेले, कापला, आणि गाणं यंत्रासारखं वाटायला लागलं. पुन्हा जोडला. त्या गाण्यात अजूनही मला तोच आवडतो.

तुझ्या ६३ लूपांत दुसरं माणूसच नाही, माझ्या मते दुखणं ते आहे. प्रोड्युसर म्हटलं की घरच्यांना पैसे घालणारा निर्माता वाटतो आणि तरुणांना लॅपटॉपवाला. प्रत्यक्षात निम्मं काम समोरच्याकडून चांगला टेक काढण्याचं असतं. कोणता टेक ठेवायचा, कुठे थांबायचं, गाणाऱ्याला आता चहा हवाय की शांतता, हे कुठल्याच प्लगइनमध्ये येत नाही. तेव्हा आज कुणीतरी गाणारं शोध. बेसूर चालेल एक वेळ, पण वेळेवर येणारं हवं.

आता बासच्या घुमण्याचं बघू. स्पीकर घेऊ नकोस, खुर्ची हलव! मी हाच मार खाल्लाय. माझ्या पहिल्या पैशाच्या कामाच्या वेळी खोलीची लांबी तीन मीटर होती आणि मी बरोब्बर मध्यावर बसायचे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्यामुळे तीन मीटरच्या दोन भिंतींमध्ये ५७ हर्ट्‌झच्या आसपासची लाट अडकते. भिंतीपाशी ती जोरात ऐकू येते आणि नेमकी मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. मला बास कमी वाटला, मी सहा डेसिबल वाढवला. रात्री गिऱ्हाइकाचा गाडीतून फोन : "दारं थरथरतायत." त्या रात्री तोंड लपवायला जागा नव्हती.

पुढच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून बघ. नियम अंदाजाचाच आहे, तिथून पुढेमागे सरकत ऐक. कोपऱ्यांत जाडजूड ध्वनिशोषक लाव. भिंतीवरचा पातळ फोम वरच्या पट्टीतला खणखणाट तेवढा कमी करतो, बासला त्याचं काही नसतं. आणि आवडतं गाणं शेजारी लावून तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा कर. हळू आवाजात आपला कान खालचे सूर कमी ऐकतो (फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलंय), म्हणून जे मोठ्यानं वाजतं तेच भारी वाटतं आणि आपण फसतो.

नोकरी? आत्ता नको. दुसऱ्यांच्या आवाजातली दहा गाणी पूर्ण कर. ओळखीबाहेरच्या तीन जणांनी पैसे देऊन काम दिलं की पुन्हा लिही. सुरुवातीचे पैसे बहुधा स्वतःच्या गाण्यांचे नसतात. कुणाचं गायन नीट करून दे, कुणाचं मिक्स, कुणाच्या लघुपटाला पार्श्वसंगीत, असे ते येतात. त्यात कमीपणा वाटत असेल तर नोकरी बरी.

प्रश्न : मॅडम, एका गायकासाठी मी चालीसकट अख्खं गाणं केलं. सगळं तोंडीच ठरलं होतं. आता गाणं चाललंय आणि माझं नाव कुठेच नाही. हिस्सा मागायला संकोच वाटतो.
— नाव नसलेला

उत्तर : संकोच सोडा. ताकाला जाऊन भांडं लपवून चालत नाही.

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात : एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. चाल तुमची असेल तर पहिल्यात तुमचा वाटा आहे. दुसऱ्यात आहे का, ते काय ठरलं होतं आणि पैसे कुणी घातले यावर अवलंबून. आधी पुरावे गोळा करा : तारखांसकट प्रोजेक्ट फाइल्स, कच्च्या चाली, मेसेज. मग गायकाला शांतपणे लिहून विचारा, फोनवर नको. टाळाटाळ झाली तर वकील गाठा. आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड गाण्याला मिळालाय म्हणून कुणी गप्प करायला बघेल. त्या कोडनं ध्वनिमुद्रण ओळखता येतं, मालकी सिद्ध होत नाही.

पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच्याच दिवशी एका कागदावर कोणाचे किती टक्के आणि नाव कसं छापायचं ते लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. किती वेळा बदल करून द्याल तेही लिहा. मी दोनदा देते, तिसऱ्याचे पैसे घेते. सुट्टे ट्रॅक (प्रत्येक वाद्याची, आवाजाची वेगळी फाइल) शेवटचा हप्ता आल्याशिवाय हातातून सोडू नका. मी एकदा मैत्रीखातर हा कागद टाळला. मैत्री आणि गाणं, दोन्ही गेलं.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची आहे, म्युझिक प्रोड्युसर व्हायचं म्हणते. महागडा कोर्स करावा का? की आधी गाणं-वाजवणं शिकावं?
— काळजीत पडलेली आई

उत्तर : आधी एखादं वाद्य. बीटल्सचे प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन ओबो हे फुंकवाद्य शिकले होते, मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चे प्रोड्युसर क्विन्सी जोन्स ट्रम्पेट वाजवायचे. सॉफ्टवेअर तिचं ती शिकेल, कदाचित शिकलीही असेल. कोर्सचा मोठा फायदा म्हणजे सोबत काम करणारी माणसं भेटतात. तशी ती आधीच भेटली असतील तर घाई करू नका.

हेडफोनच्या आवाजावर मात्र लक्ष ठेवा. कामाच्या जागांसाठीची एक प्रचलित मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. तिला स्वतःलाच मोजायला सांगा. फोनवरचं मीटर अंदाजच देतं, पण तेवढ्यानंही ती आवाज कमी करेल.