गेमसाठी रायझन ५ १६०० प्रोसेसर बदलू की अख्खा पीसी नवा घेऊ?

मदरबोर्ड बी४५० आहे म्हणताय, त्यावर नवा प्रोसेसर चालतो, मग अख्खा पीसी कशाला? पण आधी प्रोसेसरच अडतोय का याची खात्री करा. गेममध्ये रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तेवढेच राहिले तर प्रोसेसर अडतोय. भरपूर वाढले तर दोष ग्राफिक्स कार्डाचा, प्रोसेसरला हात लावू नका.

प्रोसेसरच अडत असेल तर रायझन ५ ५६०० त्याच एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसरची खाच) बसतो. मात्र बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा, नाहीतर नवा लावल्यावर स्क्रीन काळीच. (विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत १६०० नाही, ५६०० आहे.) रॅमची एकच स्टिक असेल तर आधी दुसरी टाका, स्वस्तात भागेलही.