संत्र्याचे २६४ आणि दोन ७.८

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. वय ६४, राहणार प्रतापनगर, नागपूर. डायबेटिसला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात लॅबमध्ये उपाशीपोटी १२८ आणि जेवणानंतर १६८ आली. म्हटलं, जमलं! पण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी ७.८ निघाला आणि आमच्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्याच सकाळी घरच्या मीटरवर १४१ होती. लीड्सला आमच्या विहीणबाईंची शुगरही ७.८ च आहे, त्यांना तिथं कोणी काही बोललं नाही. परवा तर कहरच झाला. संत्रं सोलताना आठवलं म्हणून टेस्ट केली, तर २६४! फोड अजून तोंडात गेली नव्हती. मीटर आणि पट्ट्या ओट्यावर गॅसजवळच ठेवतो, म्हणजे विसर पडत नाही. हा मीटर फेकून द्यावा का?

उत्तर : भाऊ, आधी संत्र्याचं बघू. बोटावर रस होता. मीटरला लागतो रक्ताचा इवलासा थेंब, त्यात रस मिसळला की तो तुमच्याबरोबर संत्र्याचीही साखर मोजतो. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून भागत नाही. साबणानं हात धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं. संत्र्याच्या हंगामात असे दोन-चार घाबरलेले फोन मला येतातच.

१२८ आणि १४१ मध्ये भांडण नाही. लॅब शिरेतल्या रक्तातला प्लाझ्मा तपासते, मीटर बोटाच्या टोकाचं रक्त. चांगल्या मीटरलाही १०० च्या वर साधारण १५ टक्के इकडेतिकडे चालतं. तुमचा फरक १० टक्के.

आता विहीणबाई. इंग्लंडमध्ये शुगर मिलिमोलमध्ये सांगतात. आपल्या मिलिग्रॅममध्ये आणायला १८ ने गुणा : ७.८ म्हणजे १४०. ती उपाशीपोटीची की जेवणानंतरची, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि खरी गोम तिथंच आहे. जेवणानंतर दोन तासांनी १४० आली तर मी पाठ थोपटेन, उपाशीपोटी आली तर चार प्रश्न विचारेन. तुमचा ७.८ मात्र टक्क्यांतला आहे, तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचा. तोच रिपोर्ट लीड्सच्या लॅबनं दिला असता तर त्यावर वेगळ्याच एककात ६२ छापलं असतं. तेव्हा तुलना सोडा.

तुमच्या पत्रातली मला अडलेली गोष्ट वेगळीच आहे. एचबीए१सी ७.८ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साधारण १७७, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा मोठा. तुमची १२८ या १७७ च्या खाली, १६८ सुद्धा खालीच. मग सरासरी एवढी चढली कशानं? ज्या वेळांना तुम्ही मोजलंच नाही, त्यांनी. तपासणीच्या दिवशी आपण सगळेच शहाण्यासारखे जेवतो : दोन पोळ्या, वरण, भाताला हात नाही. मला स्वतःला ११ वर्षांपासून डायबेटिस आहे, मीही हेच करते, खोटं कशाला बोलू! रविवारचे तर्री पोहे, सहाच्या चहासोबतची चार बिस्किटं, रात्री साडेदहाचं जेवण आणि लगेच झोप, यातलं लॅबला काय दिसणार?

म्हणून मीटरला कामाला लावा. एक दिवस नाश्त्याआधी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी. दोन तास पहिल्या घासापासून धरायचे. जेवून हात धुतल्यापासून मोजणारे पुष्कळ आहेत. हे आठवडाभर आलटूनपालटून करा, आकड्याशेजारी काय खाल्लं तेही लिहा आणि वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी वाढवायची की जेवणाची वेळ हलवायची, ते वही बघून तेच ठरवतील. मध्येच ७० च्या खाली आली तर वही बाजूला, आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

हिमोग्लोबिन किती आहे, तेही बघून घ्या. लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसू शकतो. उलट सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, असेल तर तो फसवा कमी येऊ शकतो, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल काही दुर्मीळ नाही. घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना सांगा. अशा वेळी फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी करता येते, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते.

मीटर फेकू नका. पट्ट्यांची डबी मात्र आजच गॅसजवळून हलवा. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. एकदा मे महिन्यात माझी डबी दुपारभर स्कूटीच्या डिकीत राहिली. संध्याकाळी मीटर म्हणाला ६१. घाम नाही, थरथर नाही, म्हणून संशय आला. नवी डबी फोडली तर १४८. ती जुनी डबी साडेआठशेची होती. कचऱ्यात टाकताना जिवावर आलं, पण टाकली. तुमची किती दिवस ओट्यावर आहे?