पुण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळे: सेडान फेरीबोटीत घालावी का?

कोथरूडहून निघून दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर करत गणपतीपुळ्याला जायचंय, हाताशी चार रात्री, गाडी सेडान आणि सोबत सत्तरीचे वडील. वाटेतल्या जेट्ट्यांवर भरवसा ठेवावा की सरळ महामार्ग धरावा, असा तुमचा प्रश्न आहे. जेट्टीनेच जा. फक्त दिवसाची आखणी हॉटेल सोडायच्या वेळेवरून न करता भरती-ओहोटीवरून करा.

आधी नकाशा पक्का करू. चांदणी चौक, पौड, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असं उतरलात की तुम्ही थेट दिवेआगरच्या बाजूलाच येता, त्यामुळे दिघी–आगरदांडा फेरी तुम्हाला लागत नाही. ती मुरूड-जंजिऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी आहे. मांडव्याची मोठी रो-रो (गाड्या नेणारी) बोटही सोडून द्या. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून ती चालते, पण सोय मुंबईकरांची आहे. पुणेकराला अलिबाग खोपोली-पेणवरूनच सरळ पडतं. तुमच्या वाटेवर खाड्या तीन. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून वेसवीला (सावित्री), दाभोळहून धोपाव्याला (वाशिष्ठी) आणि तवसाळहून जयगडला (शास्त्री). प्रत्यक्ष पाण्यावरचा वेळ दर ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांचा. वेळ खाते ती रांग.

आता सेडानचा मुद्दा, कारण खरी अडचण तिथेच येते. या बोटी सपाट बुडाच्या असतात. धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. बोट नाक पुढे करून येते, लोखंडी रॅम्प त्या उतारावर टाकते आणि बरेचदा दोर न बांधता इंजिन पुढे रेटून रॅम्प दाबून धरते. म्हणजे तुमची गाडी चढताना बोट किंचित हलत असते. जड टेम्पो नाकावर आला की नाक खाली जातं, तो मागे सरकला की पुन्हा वर येतं. भरतीला बोट उंच असते, रॅम्प जवळजवळ आडवा पडतो आणि गाडी सहज आत जाते. ओहोटीला मात्र बोट उताराच्या पार खालच्या टोकाला लागते. तिथे धक्क्याचा उतार आणि रॅम्पचा चढ यांच्यात खोलगट कोन होतो. पुढचा बंपर तिथेच घासतो, आणि रॅम्प संपून डेक सुरू होतो त्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकतं. शिवाय एरवी पाण्याखाली असलेला काँक्रीटचा पट्टा उघडा पडतो. वरचा भाग पांढुरका कोरडा आणि त्याखाली काळपट हिरवी ओल दिसते ना, त्या रेषेच्या खाली शेवाळ असतं. तिथे चाकं घसरतात आणि माणसंही.

म्हणून तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, तर भरती तीनच्या सुमारास (दुपारी आणि पहाटे), ओहोटी त्याच्या सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे. पौर्णिमेनंतर पुन्हा १ पासून मोजायचं. अर्ध्या तासाचा फरक धरा. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान येते, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला खोल सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. ते उधाणाचे दिवस, पाणी सर्वांत खाली जातं. पौर्णिमेच्या शनिवारी दिवसभर समुद्रावर बसून संध्याकाळच्या बोटीला सेडान आणायची, ही चूक करू नका. त्या दिवशी दहा ते दोनमध्ये खाडी ओलांडा. अष्टमी-नवमीला दुपारी ओहोटी असली तरी भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, त्यामुळे एवढं अडत नाही. उधाणाच्या सुकतीला खाडीच्या मुखाशी गाळावर पाणी कमी पडतं म्हणून बोट कधी थांबूनही राहते.

चढवताना पहिला गिअर, क्लच अर्धवट न दाबता एकसारखी संथ चाल, आणि रॅम्पवर ब्रेक नाही. पुढची गाडी डेकवर पूर्ण गेल्याशिवाय निघायचंच नाही, म्हणजे मधे थांबायची वेळ येत नाही. खलाशी तिरकं यायला सांगेल तर ऐका. एक चाक आधी, एक नंतर चढलं की पोट टेकत नाही. बोटीला एकाच टोकाला रॅम्प असेल तर रिव्हर्समध्ये चढावं किंवा उतरावं लागतं, तेव्हा आरशावर विसंबू नका, खलाशाच्या हाताकडे बघा. आत गेल्यावर हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद, आरसे मिटलेले. बाकीच्यांनी रॅम्पच्या आधीच उतरावं, पण वडिलांना गाडीतच बसू द्या आणि तिकीट घेताना तसं सांगून ठेवा. ओल्या उतारावरून त्यांना चालवत नेणं जास्त धोक्याचं आहे.

रांगेत लागताच एका फेरीत किती गाड्या मावतात ते विचारा आणि पुढच्या गाड्या मोजा. दोन फेऱ्यांपेक्षा जास्त थांबावं लागणार असेल तर चहा घ्या, पण चालकाने गाडी सोडू नये. रोख पैसे सुटे ठेवा, धक्क्यावर रेंज दगा देते. शेवटची फेरी कितीची ते सकाळीच फोनवर विचारून घ्या. पावसाळ्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला की फेरी बंद पडू शकते. तेव्हा बागमांडल्याऐवजी आंबेत–म्हाप्रळ पुलावरून मंडणगडला, आणि दाभोळऐवजी चिपळूणवरून गुहागरला जाण्याची तयारी हवी. दाभोळहून समोर धोपावं दिसत असतं, तरी रस्त्याने जायचं तर पूर्ण खाडीला वळसा. २००३ मध्ये सुवर्णदुर्ग शिपिंगने तिथे गाड्यांची फेरी सुरू केली तेव्हा दापोली आणि गुहागर हे तालुके खऱ्या अर्थाने शेजारी झाले. आपल्याला ती सहलीची गंमत वाटते, तिथल्या माणसाचा तो रोजचा रस्ता आहे. बाजारहाट, मासळी, दापोलीचं कृषी विद्यापीठ, दवाखाना, सगळं त्याच बोटीवर. रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचे पूल होईपर्यंत हे असंच राहणार, म्हणून रांगेत रुग्णवाहिकेसाठी डावी बाजू मोकळी ठेवा आणि स्थानिक दुचाकीवाला पुढे गेला तर हॉर्न वाजवू नका.

परतताना पुन्हा जेट्टी नको. गणपतीपुळ्याहून निवळी फाट्याला महामार्ग गाठा, चिपळूणहून कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज करत साताऱ्याला या. पुण्यात पोहोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, विशेषतः ब्रेक आणि सायलेन्सरच्या बाजूला. धक्क्यावरच्या खाऱ्या पाण्याचा गंज तिथूनच सुरू होतो.